दहा प्रती, शेवट नाही

१२ मार्च

फर्गस आला होता. मुख्य शाखेतून, नव्या गाडीतून. जिल्ह्यातल्या सगळ्या वाचनालयांचा साहेब, वय माझ्या धाकट्याएवढं. चहा नको म्हणाला, तेव्हाच ओळखलं — बातमी वाईट आहे.

आमचा शनिवार बंद करायचा म्हणतो! पोर्ट गॅरोचं वाचनालय शनिवारी बंद! अरे, शेतावरची माणसं गावात येतातच मुळी शनिवारी. फुटबॉल, पाव, पेट्रोल आणि पुस्तक. या क्रमाने येतात हे मान्य, पण येतात ना.

'मॅरियन, तुम्ही जरा आकडे बघा,' म्हणाला. मी म्हटलं, आकडे गेले खड्ड्यात, माझी माणसं बघा. म्हणजे हे आत्ता सुचतंय. तेव्हा मी नुसती मान डोलावली, बैलासारखी.

जाता जाता एक दोरी मात्र टाकून गेला. जिल्ह्याने नवी योजना काढलीये, वाचन-पेटी. एका पेटीत एकाच पुस्तकाच्या दहा प्रती आणि चर्चेचे प्रश्न. गावातला कुठलाही गट ती घेऊन जाणार, वाचणार, भांडणार, परत आणणार. जुलै संपायच्या आत तीन गटांनी पेटी नेली तर शनिवार राहील. नाही नेली तर पेटीही जाईल आणि शनिवारही.

तीन गट. या गावात पेस्टीत, म्हणजे खिमा-बटाट्याच्या त्या मोठ्या करंजीत, गाजर घालायचं की नाही यावर नवराबायकोचं एकमत होत नाही.

१५ मार्च

पेटी आली. रिकामी! पुस्तकं म्हणे शाखेने आपापली बघावीत.

ॲडलेडला एक जुनं दुकान बंद होतंय. तिथे एका पुस्तकाच्या दहा प्रती धूळ खात पडल्या होत्या, त्या उचलल्या. नाव 'स्पंजचा परीक्षक'; स्पंज म्हणजे आपला फुगीर केक. वर चित्र: कृषी प्रदर्शनाचा तंबू, केकचं टेबल आणि टेबलाखालून बाहेर आलेले दोन बूट. लेखकाचं नाव कुणाच्या बापाने ऐकलेलं नाही. पण केक, स्पर्धा आणि खून! आमच्या गावाला आणखी काय लागतं?

मागच्या बाजूचा मजकूर वाचून चर्चेचे प्रश्न काढले. अख्खं पुस्तक वाचायला वेळ कुणाला आहे? शेवटचा प्रश्न टाकला: 'शेवट तुम्हाला पटला का?' हा कुठल्याही पुस्तकाला चालतो. वीस वर्षांचा अनुभव आहे.

१६ मार्च

दहाही प्रती थेल्माकडे टाकून आले, प्लॅस्टिकची कव्हरं घालायला. आमच्या वाचनालयातल्या प्रत्येक पुस्तकाला थेल्मानेच कव्हर घातलंय, तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. नव्वदीला टेकली तरी हात थरथरत नाही. आतमध्ये हवेचा एक बुडबुडा दिसेल तर शपथ.

चहा दिला, स्कोन दिले. मग ब्लेडला बोट लावून बघता बघता म्हणाली, 'मॅरियन, ग्लेनिस मला परत घेईल का गं तिच्या मंडळात?'

काय सांगू तिला? दर गुरुवारी पुस्तक वाचायला जमणाऱ्या ग्लेनिसच्या महिला मंडळाने थेल्माला तीनदा काढलंय. पुस्तक हातात आलं की थेल्मा आधी शेवटचं पान वाचते. वाचते ते वाचते, पण तोंडात तीळ भिजत नाही. एकदा तर दारातूनच, डोक्यावरचा स्कार्फ सोडायच्या आधीच — 'ती नर्स मरते हं शेवटी.' बाकीच्यांची अजून नर्सशी ओळखही व्हायची होती!

म्हटलं, 'विचारून बघते.'

'विचार गं. गुरुवारी दुपारी घर फार शांत असतं,' म्हणाली. मग मुद्दाम हसली. मला वाईट वाटलं, त्या भरात आणखी दोन स्कोन खाल्ले.

१९ मार्च

ग्लेनिसला विचारलं. 'ती आली तर मी नाही,' म्हणाली. 'मॅरियन, माझा जीव घे पण थेल्मा नको. नवऱ्याने घोरणं थांबवलं तरी ही बाई शेवट सांगायचं थांबवणार नाही.'

पण पेटी नेते म्हणाली. एक गट झाला!

२२ मार्च

थेल्माने पुस्तकं आणून दिली. कव्हरं आरशासारखी. मी दहा प्रती मोजल्या, पेटीत ठेवल्या, झाकण लावलं. ग्लेनिसचा निरोप सांगताना माझीच मान खाली गेली. ती नुसतं 'बरं' म्हणाली. 'पण तिला सांग, या वेळी मी काही फोडणार नव्हते.' हे ती दर वेळी म्हणते.

२५ मार्च

पेटी गेली. ग्लेनिसच्या गाडीच्या मागच्या सीटवर, पट्टा लावून. नातवाला लावत नाही इतका घट्ट.

१७ एप्रिल

डोक्याला ताप!

सकाळी दार उघडायच्या आधी ग्लेनिस पायरीवर उभी. मागे अख्खं मंडळ. पेटी माझ्या टेबलावर आदळली. म्हणाली, 'शेवट पटला का, असं विचारतेस ना? कुठला शेवट?'

पुस्तक उघडून नाकासमोर धरलं. गुप्तहेर तंबूच्या मध्ये उभा राहतो, सगळ्या केकवाल्या बायकांकडे बघतो आणि म्हणतो, 'खुनी याच तंबूत आहे. आणि त्याचं नाव आहे —'

उलटलं की मागचा पुठ्ठा. मी दुसरी प्रत उघडली. तिसरी. सगळ्या प्रतींचं तेच!

'पाच बायका तीन आठवडे झोपल्या नाहीत,' ग्लेनिस म्हणाली. 'आणि तू प्रश्न काढलेस ते पुस्तक न वाचताच, हो ना?' मी तिच्या मागच्या घड्याळाकडे बघत राहिले.

छापखान्याचं काम. दुसरं काय. म्हणूनच ती धूळ खात पडली होती. सापडू दे तो छापणारा, बोटं छाटते त्याची.

१८ एप्रिल

ॲडलेडच्या दुकानाचा फोन बंद. देशभरातल्या वाचनालयांत शोधलं, दुसरी एक प्रत नाही. इंटरनेटवर या नावाने फक्त केकच्या पाककृती येतात.

आणि कहर म्हणजे फर्गसला कळलं. फोनवर म्हणतो, 'सदोष साहित्य असेल तर ही पेटी धरता येणार नाही, मॅरियन.' माझं डोकंच फिरलं. त्याची तपासणीची यादी काढली आणि वाचून दाखवली: दहा प्रती, प्रश्नांचा कागद, पेटी, झाकण. 'यात पानं मोजा असं कुठे लिहिलंय? यादी कुणी केलीये?'

तिकडे कागद चाळल्याचा आवाज. मग म्हणाला, 'मी.'

पेटी धरली!

पण उपयोग काय? एका गटाने शिव्या घातल्या, बाकी दोन आता कुठून आणू? अर्धवट पुस्तक कोण नेईल?

१९ एप्रिल

रॉस आला. बोल्स क्लबचा अध्यक्ष. हिरवळीवर चेंडू घरंगळवत ठेवायचा आणि दुसऱ्याच्या चेंडूला नावं ठेवायची, एवढंच आयुष्य. वाचनालयात याआधी तो एकदाच आला होता, पावसात.

'ते शेवट नसलेलं पुस्तक इथेच मिळतं ना?' म्हणाला. 'ग्लेनिसची बायका-मंडळी म्हणतात कळत नाही. आम्ही दोन दिवसांत खुनी काढून दाखवतो.'

पेटी काखेत मारून गेला. सहीसुद्धा त्याच्या मागे पार्किंगपर्यंत धावून घेतली.

३ मे

बोल्स क्लबमध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो परीक्षकाचा भाऊ, दुसरा म्हणतो जॅमवाली बाई. कुणाचं खरं यावर डुकराच्या चॉप्सचा अख्खा ट्रे पैजेला लागलाय. रॉसने बायकोला सांगून बदकाच्या अंड्यांचा स्पंज करवला आणि स्टॉपवॉच लावून खाल्ला, कारण पुस्तकातला परीक्षक तोंडात तोच घास असताना मेला. रॉस मेला नाही. 'म्हणजे विष स्पंजमध्ये नव्हतं,' म्हणाला. त्याची बायको माझ्याकडे येऊन विचारून गेली की मी हे सगळं कधी थांबवणार आहे.

२० मे

अग्निशमन दलाचा वेन पेटीसाठी आलाय! स्वयंसेवक आहेत सगळे, आग लागेपर्यंत शेडमध्ये पत्ते कुटत बसतात. रॉसने त्यांना डिवचलं, 'वाचता येतं का रे तुम्हाला?' झालं.

तिसरा गट! तिसरा गट! नवऱ्याला, लिंडनला, शेतावर फोन करून सांगितलं. तो म्हणाला, 'बरं. कुंपण तुटलंय.'

वेनने एवढंच विचारलं, पेटी जळत नाही ना?

६ जून

आता फर्गसची नवी टूम. नुसती नेली म्हणून चालणार नाही, 'सहभाग दिसला पाहिजे'. जुलैत येऊन तिन्ही गटांची एकत्र चर्चा स्वतः बघणार. मग शनिवारचं ठरवणार.

एकत्र! ग्लेनिस रॉसशी बोलत नाही, कारण त्याने 'बायका-मंडळी' म्हटलं. रॉस वेनशी बोलत नाही, कारण आगवाले म्हणतात चेंडू घरंगळवणं हा काही खेळ नव्हे. आणि सगळ्यांचं एकच — शेवट आण, मग येतो. शेवट काय माझ्या फ्रिजमध्ये आहे?

९ जून

काउंटरपाशी आज तिघं एकाच वेळी समोरासमोर आले. मी स्टेपलर उचलून आत ठेवला.

ग्लेनिस मध्येच थांबली. पांढरी पडली. 'थांबा रे,' म्हणाली. 'कव्हरं कुणी घातली या पुस्तकांना?'

'थेल्माने. नेहमीसारखी,' मी म्हटलं.

'आणि थेल्मा पुस्तक हातात घेतलं की पहिल्यांदा काय वाचते?'

'अगं पण यांना शेवटच नाही, ती काय वाचणार?'

'तिला ठाऊक असेल! त्या बाईने जगातलं प्रत्येक शेवटचं पान वाचलंय. हे जुनं पुस्तक आहे. तिच्या तरुणपणी वाचलं असेल.'

रॉस टोपी घालून दाराकडे निघाला. वेन त्याच्या आधी. ग्लेनिस दोघांना ढकलून पुढे. मी 'वाचनालय बंद' अशी पाटी लावली आणि गाडी काढली.

थेल्मा दारात उभी. तिच्या अंगणात तीन गाड्या, एक आगीचा बंब. (वेनला तेवढंच वाहन मिळालं.) ग्लेनिसने घसा साफ केला. 'थेल्मा, अहो, तुम्हाला... शेवट माहीत आहे का?'

थेल्माने आमच्याकडे एकेक करून बघितलं. मग माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी हे ऐकलं. म्हणाली, 'शेवट सांगायचा नसतो, ग्लेनिस. तूच शिकवलंस ना मला?'

मी गाडीत येऊन स्टीअरिंगवर डोकं ठेवून हसले.

१४ जून

थेल्माकडे रीघ लागलीये. कुणी पेस्टी नेतंय, कुणी खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक, कुणी मासे. आगवाल्यांनी तिच्या पन्हळी साफ करून दिल्या. बोल्सवाल्यांनी गवत कापलं, तेही त्यांच्या हिरवळीच्या मापाने, आता तिथे चालायची भीती वाटते.

शेवट सांगत नाही. खूण मात्र देते. रॉसला म्हणाली, 'बूट नीट बघ.' ग्लेनिसला म्हणाली, 'अंडी मोज.' वेनला म्हणाली, 'तंबूला दारं किती?' तिघांनीही पुस्तक पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतलं. दहा प्रती पुरेनात. पेटी आता फेऱ्यांवर असते.

मीही वाचलं शेवटी. माझ्या मते माळी. पण बूट नीट बघितले तर माळी असू शकत नाही. छे.

२६ जून

ग्लेनिसने थेल्माला मंडळात बोलावलं. स्वतः घरी जाऊन, स्पंज घेऊन. थेल्मा म्हणाली, 'गुरुवार मोकळा आहे का बघावं लागेल.' मोकळा आहे का म्हणे! केवढा भाव खाते बघा म्हातारी.

पण मला भरून आलं. गाडी चालवत होते म्हणून रडले नाही.

१९ जुलै

आज चर्चा. बोल्स क्लबच्या हॉलमध्ये. शनिवारचं काय ते आज ठरणार होतं.

फर्गस वेळेच्या आधी आला. पेटी उघडली, प्रती मोजल्या. 'दहा. पूर्ण.' एका बाजूला महिला मंडळ, एका बाजूला बोल्सवाले पांढऱ्या कपड्यांत, मागे आगवाले गणवेशात, कारण मधेच आग लागली तर. आणि मधल्या खुर्चीत थेल्मा, मोत्यांची माळ घालून.

तासभर जे झालं त्याला चर्चा म्हणत नाहीत. रॉस टेबलाखाली आडवा झाला, बूट बाहेर काढून, आणि ओरडला, 'आता सांगा, माळ्याला दिसतात का?' ग्लेनिस अंड्यांचा तक्ता काढून उभी. वेनने खडूने जमिनीवर तंबू आखला होता. मी फर्गसकडे बघत होते. चेहरा दगडासारखा. म्हटलं, संपलं. गेला शनिवार.

तेवढ्यात तो उठला. टाय सैल केला. 'माफ करा,' म्हणाला, 'पण तुम्ही सगळे चुकताय. परीक्षकाची बहीण. पाचव्या प्रकरणात तिचे हातमोजे ओले आहेत.'

ग्लेनिस म्हणाली, 'हा कोण उंटावरचा शहाणा?' आणि असा गलका झाला की शेजारच्या पबमधून माणसं बघायला आली. फर्गस गुपचूप कुणाची तरी प्रत मागून नेऊन तीन वेळा वाचून आला होता! मेल्याने मला सांगितलंही नाही.

शेवटी सगळे थेल्माकडे वळले. ती म्हणाली, 'मुलगा हुशार आहे.' एवढंच.

फर्गस निघाला तेव्हा टायवर लॅमिंग्टनचं खोबरं होतं. गाडीत बसताना म्हणाला, 'शनिवार राहू द्या. आणि दुसरी पेटी पाठवतो.' मग काच खाली करून हळूच — 'मॅरियन, बहीणच ना?'

शनिवार राहिला. राहिला!

२ ऑगस्ट

आज शनिवार. थेल्माकडे गेले होते, गुरुवारचा राहिलेला केक द्यायला. चहाला बिस्किटं काढ म्हणाली, वरच्या फळीवर आहेत. वर दोन डबे. मी हाताला लागला तो काढला.

त्यावर प्लॅस्टिक चढवलेलं होतं. वाचनालयाचं प्लॅस्टिक. चहूबाजूंनी बंद, एक बुडबुडा नाही. हलवला तर आत बिस्किटं वाजेनात. कागद वाजला.

मी डबा हातात घेऊन तशीच उभी. थेल्मा चहा ओतायची थांबली.

'छापखाना नव्हता तर,' मी म्हटलं. काय काय बोलले मग! दहा प्रती! वाचनालयाच्या! ब्लेडने! मी त्या छापणाऱ्याची बोटं छाटायला निघाले होते, आणि माझा शनिवार गेला असता तर? आवाज चढला माझा. नव्वदीच्या बाईवर.

तिने ऐकून घेतलं. म्हणाली, 'मला वाटलं, शेवटच नसला तर मी फोडणार काय? मग ग्लेनिस घेईल मला. तू निरोप आणलास तोवर कापून झालं होतं.'

'आणि त्या खुणा? बूट, अंडी?'

'मनाला येईल ते. हे सगळे माझ्या स्वयंपाकघरात बसले होते गं, मॅरियन. काहीतरी बोलायला हवं ना.'

मला कळेना. 'म्हणजे खुनी कोण ते —'

'मी वाचलंच नाही,' थेल्मा म्हणाली. 'डोळे मिटून कापलं. वाचलं असतं तर माझ्या पोटात राहिलं असतं का?'

चहा गार झाला. दोघी त्या डब्याकडे बघत बसलो. मग मी स्टुलावर चढले आणि डबा परत वर ठेवला, मागच्या बाजूला, पिठाच्या मागे.

९ ऑगस्ट

दुसरी पेटी आली. या वेळी जहाजावरचा खून. दहाही प्रती कव्हरांसाठी थेल्माकडे पोचवल्या. सोबत बिस्किटांचा डबा नेला. रिकामा.